वामनरावांची लायब्ररी

लायब्ररीत गेलेल्या माणसाच्या चपला दारातच होत्या. प्रमिलाबाई त्यांच्याकडे बघतच राहिल्या. रोज जेवण झालं की वामनराव "लायब्ररीत आहे गं" म्हणून गायब व्हायचे आणि तासाभराने खुशीत परतायचे. हातात पुस्तक मात्र एकदाही दिसलं नव्हतं.

तेवढ्यात वरच्या खोलीतून त्यांचाच आवाज आला. "थांब गं, एकटी पुढे जाऊ नकोस! मी आहे ना!"

ती खोली लेकीची. केतकीने वडिलांच्या मनाविरुद्ध लग्न केलं, त्या दिवशी वामनरावांनीच खोलीला कुलूप घातलं होतं. प्रमिलाबाई पदर खोचून जिना चढल्या आणि त्यांनी दार ढकललं. आत लेकीच्या जुन्या कॉम्प्युटरसमोर वामनराव एकटेच बसले होते.

"ही तुमची लायब्ररी?"

"हीच." त्यांनी गेम विकणाऱ्या ऑनलाइन दुकानाचं पान दाखवलं. "विकत घेऊन डाउनलोड केलेले खेळ जिथे राहतात, त्याला हे लोक लायब्ररीच म्हणतात. मी खोटं नाही बोललो."

"आणि ती कोण?"

वामनरावांचा आवाज उतरला. "केतकी. मी 'पाहुणा' नावाने तिच्याबरोबर ऑनलाइन खेळतो, तिला ठाऊक नाही. सांगू नकोस हं, खेळायची बंद होईल."

पडद्याच्या कोपऱ्यात निरोप उमटला: "बाबा, चष्मा लावा. आजही चुकीच्या दारात शिरलात."

"काय म्हणतेय?" वामनराव डोळे बारीक करून विचारू लागले.

प्रमिलाबाईंनी त्यांच्या कपाळावरचा चष्मा अलगद खाली ओढला.