दाराजवळची जागा

या, सतरंजीवर जवळ सरकून बसा. कीर्तनातच घडलेली एक गोष्ट सांगते. अठ्ठ्याहत्तर सालच्या पौषात पवनीजवळच्या आमच्या गावात सप्ताह होता. बाया शाली पांघरून कुडकुडत बसल्या होत्या. बुवांनी अभंग धरला आणि माझ्या छातीतून एकदम जाळ उठला. तोंड लाल झालं, लुगडं घामानं भिजलं, मी शाल भिरकावून दिली. शेजारची चंद्रकला म्हणाली, "देवी आली वं इच्या अंगात." लगेच कपाळावर कुंकू, गळ्यात हार. एकीनं पाया पडून विचारलं, "माय, माया पोराचं लगन कवा जमन?" उत्तर द्यावं तर देवाच्या दारात खोटं, देवी नाही म्हणावं तर भूतबाधा ठरवून मांत्रिकाकडे नेतील. तेवढ्यात माझ्या सासूबाई, गोदावरीबाई, उठून आल्या. त्या भर थंडीतही बांबूचा पंखा घेऊन दाराजवळच बसायच्या. का, ते मला कधी कळलं नव्हतं. कानाशी लागून म्हणाल्या, "पाळी लांबून राहिली का तुयी?" मी होकाराची मान हलवली. "मंग देवी नाही हे. पाळी जायच्या वयात अंगातून असाच जाळ निघते. मले तं लोकायनं नारळ वायले होते." मी विचारलं, "अन् जाते का हा जाळ?" "जाते. माया तं कवाचाच गेला. पंखा आणत राहिलो, कोणाले तरी लागन म्हून." "देवी नाही, वयाचा जाळ," असं बायांना सांगून त्यांनी माझ्या गळ्यातला हार विठ्ठलाला घातला, पंखा माझ्या हातात दिला आणि दाराजवळची जागा मला सोडून स्वतः बुवांसमोर जाऊन बसल्या. थंडीत पंखा घेतलेली बाई कुठं दिसली, तर माझ्या गोदावरीबाईंची आठवण काढा.