तिसरा सायलस

"इंग्लंडहून इथं मॅसॅच्युसेट्सला आलेल्या त्या जोडप्याला एकच मुलगा, सायलस. अन् तो तर दोन वर्षांचा असतानाच गेला!" थडग्यावरचं वय वाचून एल्डन हबकले. "मग आमचा वंश कुणाचा?"

त्यांच्या मराठी सुनेनं, वैजूनं, शेजारचं गवत बाजूला सारलं. तिथं आणखी एक इवलासा दगड निघाला. आईबाप तेच, नावही सायलसच. वय एक वर्ष.

वैजूला तिचे दगडू पणजोबा आठवले. "आमच्याकडे मुलं जगेनाशी झाली की पुढच्याचं नाव मुद्दाम दगडू ठेवायचे, यमाची नजर पडू नये म्हणून. तुमच्या लोकांनी हट्टानं तेच नाव पुन्हा ठेवलं. तिसरा असणार!"

तिसरा कुंपणापाशी सापडला. सायलस, वय एक्क्याऐंशी.

एल्डन खुदकन हसले. मूळपुरुषासाठी आणलेली फुलं मात्र त्यांनी त्या दोन इवल्या दगडांपुढे ठेवली.