बक ब्रांचचा पूल

"ब्याण्णव साल, शाळेजवळची रस्त्याखालची मोरी. तिथं तू काय केलंस गं?" टॅकेटसाहेबांनी चष्मा वर ढकलला.

"मोजणी केली, नकाशा काढला," लॉरेटा म्हणाली.

साहेबांनी तिच्या परीक्षेच्या अर्जात तसं लिहिलं. अमेरिकेतल्या कंटकीच्या डोंगराळ भागातल्या एका जिल्ह्याचे इंजिनीअर म्हणून त्यांनी तीस वर्षं काढली होती. आता निवृत्त, वय एक्याऐंशी, पण लायसन अजून चालू. लॉरेटा कोम्ब्स त्यांच्या हाताखाली नकाशे काढायची. पदवी गणिताची, इंजिनीअरिंगची नाही. अशांनाही शिकाऊ इंजिनीअरच्या परीक्षेला बसता येई, पण लायसनवाल्या इंजिनीअरचा दाखला लागे, आणि स्वतः आखलेलं निदान एक काम त्यात हवंच. ही सवलत जूनअखेर बंद होणार होती. आज सत्तावीस तारीख.

"सत्तावन्नाव्या वर्षी परीक्षा. डोकं ठिकाणावर आहे ना तुझं?"

"जन्मभर दुसऱ्यांच्या नावाचे नकाशे काढले, साहेब. एकदा माझ्या नावापुढं काहीतरी लागू दे."

पुढची कामं भराभर झाली. मोजणी, नकाशा. नकाशा, मोजणी. मग सत्त्याण्णव साल आलं आणि साहेबांचं पेन थांबलं.

"पुराचं वर्ष," ते म्हणाले. "ऑफिसात छातीएवढा चिखल होता."

"मी शाळेच्या जेवणघरात टेबल मांडलं होतं. शाळेतली स्वैपाकीण रोज उसळ आणि मक्याची भाकरी आणून ठेवायची. कागदाला डाग पडायचे. काय दिवस होते ते." लॉरेटाला खरंच भरून आलं. त्या तीन आठवड्यांइतकी सुखी ती पुन्हा कधी झाली नव्हती.

ते तीन आठवडे साहेब लेक्सिंग्टनच्या इस्पितळात बायकोच्या उशाशी होते. परत आले तेव्हा बक ब्रांच ओढ्यावरच्या पुलाचा, लॉरेटानं एकटीनं केलेला आराखडा तयार होता. त्यांनी तो उघडून पाहिला, एकही आकडा न तपासता शिक्का मारला आणि घरी जाऊन झोपले. पुढं लोक त्याला टॅकेटचा पूल म्हणायला लागले. साहेब काही लबाड नव्हते. पण लोकांचं बोलणं त्यांनी कधी खोडलंही नाही.

"तो पूल राहू द्या," लॉरेटा म्हणाली. "बाकीच्यावर बघू काय होतं ते."

"बाकीचं नुसतं मोजमाप आहे. त्यावर कोण बसवतंय तुला परीक्षेला?"

"न तपासता शिक्का मारला हे कळलं तर लायसन जाईल, साहेब. नावही जाईल."

साहेबांनी पेन खाली ठेवलं. "शाळेची बस रोज जाते त्याच्यावरनं," ते म्हणाले. "बायको होती तोवर आम्ही मुद्दाम गाडी काढून बघायला जायचो. ती म्हणायची, व्हर्नन, छान बांधलायस हो. मी नुसता हसायचो."

त्यांनी अर्ज पुढं ओढला. पुलाचं नाव लिहिलं. 'हिशेब कोणी केला?' तिथं लॉरेटाचं पूर्ण नाव घातलं. खाली आणखी एक प्रश्न होता: 'दाखला देणाऱ्याचा या कामातला वाटा?'

तिथं त्यांनी सावकाश, सुवाच्य अक्षरात लिहिलं, "फक्त शिक्का," आणि खाली सही केली.