बंद फियाटचं गिऱ्हाईक

"मावशी, दिसायला फक्कड आहे, पण मढंच हो हे," असं म्हणत सतरावं गिऱ्हाईक हात झटकून निघून गेलं. आसावरीने कपाळाला हात लावला.

"आई, पुरे कर गं! दर रविवारी अख्खी बिल्डिंग गॅलरीत उभी राहून आपला तमाशा बघते."

नीलाताई फडक्याने बॉनेट पुसत राहिल्या.

गाडी बाबांची, बाहत्तर सालची फियाट. चोरीला जाईल या धास्तीने बाबांनी तिच्यात कुठेतरी छुपा स्विच बसवलेला. तो बंद असला की किल्ली फिरवून हात मोडले तरी गाडी हूं की चूं करत नाही. स्विच कुठे, ते आसावरीला ठाऊक नव्हतं आणि आता सांगायला बाबा नव्हते. गेल्या वर्षी माजिवड्याला सर्व्हिस रोडवर सापडले, डोकं फुटलेलं. वाटेत दिसेल त्याला लिफ्ट द्यायची त्यांना खोडच होती. गाडी दोन दिवसांनी कल्याणला मिळाली, नीट लॉक केलेली. कोण होता, काही पत्ता लागला नाही.

तेव्हापासून गाडी बंद आणि आईचं हे वेड. वायरमनला हात लावू देईल तर शपथ! रोज संध्याकाळी पुढच्या सीटवर जाऊन बसते. "आजही कुणी आलं नाही हो," असं रिकाम्या सीटशी बोलताना आसावरीने स्वतःच्या कानांनी ऐकलं, तेव्हा अंगावर सर्रकन काटा आला होता. जाहिरात तरी कसली दिली, तर जो स्वतःच्या हाताने चालू करेल, त्याला भंगाराच्या भावात!

"वहिनी, अजून एक आलाय," गेटपाशी स्टुलावर बसलेले काळुराम म्हणाले. हे बाबांचे जुने मित्र, दर रविवारी न चुकता येत.

आलेला मुलगा तिशीचा, नाव अपूर्व. बोलायला गोड. "काका गेल्याचं ऐकलं, काकू. फार वाईट झालं."

"बस आत," नीलाताईंनी किल्ली पुढे केली. "ज्यांची गाडी, ते ओळखतील तुला."

आसावरीला मेल्याहून मेल्यासारखं झालं. काय म्हणत असेल तो मुलगा!

डॅशबोर्डवर पितळेचा छोटा गणपती होता. आजवर आलेला प्रत्येकजण किल्ली लावण्याआधी त्याला हात जोडायचा. अपूर्वने हात जोडले नाहीत. दोन बोटांत धरून गणपती जरासा उजवीकडे वळवला आणि किल्ली फिरवली.

एका फटक्यात गाडी सुरू!

आसावरीच्या डोळ्यांत टचकन पाणी आलं. बाबा घरी आल्याचा आवाज होता तो. "आई, झाली की गं चालू! सुटलो बाई एकदाचे!"

नीलाताई गेटकडे वळल्या.

"काळुरामभावजी, गेट लावून घ्या."

काळुरामांनी गेट लावलं आणि कुलूप घातलं.

"अगं, गेट कशाला?"

"कसं रे ओळखलंस, बाळा?" नीलाताईंनी खिडकीशी वाकून विचारलं.

"त्यात काय, काकू," अपूर्व हसला. "जुन्या माणसांची ठरलेली जागा असते ही."

"हो का? हे गेले त्याच दिवशी दुपारी ह्यांनी हा गणपतीचा स्विच माझ्यासमोर बसवला. मी आजवर कुणाला सांगितलेलं नाही. संध्याकाळी ह्यांच्या शेजारी जो बसला होता, तेवढाच काय तो दुसरा माणूस, ज्याने हा गणपती वळताना पाहिला."