पहिल्याच दिवशी जुना

"अनुभव किती?" मॅनेजरने वर न बघताच विचारलं.

"अनुभव नाही, साहेब. मोठ्या गाडीचं लायसन्स मागच्याच महिन्यात हातात आलंय. दोघांचंही," थोरला साडू म्हणाला. आज खोटं बोलायचं नाही, असं त्याने घरूनच ठरवलं होतं. खोटं बोलून तरी कुठे जमलं होतं? ट्रेलर मिळायला अनुभव लागतो आणि अनुभव मिळायला ट्रेलर. दोघी सख्ख्या बहिणींचे हे दोन नवरे एकाच मोटारसायकलवरून ट्रान्सपोर्टवाल्यांचे उंबरे झिजवत फिरत होते आणि सगळीकडे तोच नन्नाचा पाढा ऐकून परत येत होते.

"बरंच झालं," मॅनेजर म्हणाला. "जुन्या ड्रायव्हरांची नाटकं फार. पण गाडी एकच आहे, माल भरून उभी. आधी तू बस. यार्डात चक्कर मारून दाखव."

धाकट्या साडूचं तोंड उतरलं. तरी तो हसून म्हणाला, "जा साडूभाऊ. मान वयाला."

ट्रेलरच्या पाठीवर लोखंडी सळ्यांचे भारे साखळ्यांनी आवळलेले होते. थोरला केबिनमध्ये चढून बसला. क्लासमधली गाडी म्हणजे हिच्यापुढे खेळणं. त्याची छाती फुगली.

निघण्याआधी हिसका द्यायचा, हे क्लासच्या मास्तरांनी अगदी घोकून घेतलं होतं. मागच्या धडाचे तेवढे ब्रेक लावायचे आणि पुढच्या इंजिनाने हळूच ओढून बघायचं. गाडी अडून बसली तर समजायचं, ब्रेक धरतायत. त्याने मागचे ब्रेक लावले, पहिला गिअर टाकला, क्लच सोडला. गाडी अडली नाही. निमूट पुढे सरकली.

त्याने पुन्हा करून बघितलं. पुन्हा तेच. मग तो उतरला आणि मागच्या चाकांशी वाकला. ब्रेकला हवा नेणाऱ्या नळ्या दुमडून तारेने करकचून बांधल्या होत्या. सगळ्याच्या सगळ्या. तार केव्हाचीच गंजली होती.

"साहेब, मागची चाकं धरत नाहीत."

"पुढची धरतात ना?"

"एवढा माल आहे. उतारावर सगळा भार मागून केबिनवर येणार. पुढच्या चाकांनी काय थांबतंय?"

"सावकाश जायचं मग."

"नळ्या तेवढ्या दुरुस्त करून द्या. मी आत्ता निघतो."

मॅनेजरने आता कुठे त्याच्याकडे नीट बघितलं. तो रागावला नाही. उलट जरा हिरमुसलाच. "आधीचे सगळे हेच सांगून गेले. म्हटलं, एखादा नवा माणूस घेऊन बघू. तू तर पहिल्याच दिवशी जुना झालास." आणि त्याने मोटारसायकलपाशी उभ्या असलेल्या धाकट्याला हाक मारली. "ए, दुसरा. ये रे."

थोरल्याने धाकट्याला वाटेतच गाठलं आणि त्याचा दंड धरला. "बसू नकोस त्या गाडीत. ब्रेकच्या नळ्या बांधून टाकल्यात. चल, वाकून बघ, मी दाखवतो."

धाकट्याने दंड सोडवून घेतला. "दुधाच्या टँकरच्या वेळीही असंच सांगितलं होतंत. मालक पगार बुडवतो म्हणून. मी गेलो नाही. आणि दुसऱ्या दिवशी तुम्हीच तिथे रांगेत."

हे खरं होतं. थोरल्याला मेल्याहून मेल्यासारखं झालं. "ते खोटं होतं. हे खरं आहे. पोरीच्या गळ्याशपथ."

"पोरीला कशाला मध्ये आणता?" धाकटा म्हणाला. त्याच्या आवाजात राग नव्हता, आणि तेच थोरल्याला जास्त लागलं. "जमलं नाही तुम्हाला, एवढंच म्हणा ना. मी घरी काही बोलणार नाही."

त्याने आपलं हेल्मेट थोरल्याच्या हातात दिलं आणि तो पुढे झाला. चाकाशी वाकून बघायला कितीसा वेळ लागला असता? पण मॅनेजरने त्याच्या खांद्यावर हात टाकला होता. इतक्या दिवसांत खांद्यावर पडलेला पहिला हात. तो सोडून खाली वाकायचं त्याच्या जिवावर आलं असावं. हिसका द्यायचंही तो विसरला, की मॅनेजरसमोर त्याला धीर झाला नाही, कोण जाणे.

ट्रेलर यार्डात एकदा गोल फिरला, थांबला, मॅनेजरने मान हलवली, आणि गाडी गेटमधून बाहेर पडली. थोरला दारावर थापा मारत बाजूने धावला. काच वर होती. धाकट्याने आतून हात हलवला. अगदी प्रेमाने.

थोरल्याने धाकट्याला फोन लावला. त्याने उचलला नाही. मग मेव्हणीला लावला.

"भाऊजी, यांचा आत्ताच फोन येऊन गेला. लागले ना ते," तिला श्वास पुरत नव्हता. "ताईला मी म्हटलं, पुढच्या वेळी तुमचंही नक्की होईल."

"आधी त्याला फोन कर. म्हणावं, गाडी बाजूला लाव आणि खाली उतर. माझा फोन तो घेत नाहीये. त्या गाडीला मागे ब्रेकच नाहीत."



"भाऊजी," मेव्हणी हळूच म्हणाली, "निदान आजच्या दिवशी तरी." आणि तिने फोन ठेवून दिला.

रस्ता सरळ होता. ट्रेलर अजून दिसत होता. दोन हेल्मेटं हातात घेऊन थोरला गेटपाशी उभा राहिला. पार टोकाला, जिथून उतार लागतो तिथे, धाकट्याने ब्रेक दाबला असावा. मागचे दोन्ही लाल दिवे लागले, लख्ख, एकही बिघडलेला नव्हता.