सहा डिस्कचा डबा

सहापैकी चारच डिस्क पडद्यावर दिसत होत्या.

कानसाहेबांनी चष्मा कपाळावर सरकवला आणि फोटो-फायली साठवायला स्वतः जुळवत असलेल्या उघड्या डब्याजवळ कान नेला. सहाही फिरत होत्या. चाळीस वर्षं ध्वनिमुद्रक म्हणून काढलेला माणूस. स्टुडिओत लहानथोर सगळे त्यांना याच नावाने हाक मारायचे. निवृत्त होऊन सात वर्षं झाली. आता तशी हाक मारणारं कोणी उरलं नव्हतं, पण कान शाबूत होता.

त्यांनी मशीन बंद केलं, पाचव्या डिस्कची केबल मदरबोर्डवरच्या पहिल्या पोर्टला लावली आणि पुन्हा सुरू केलं. पाचवी दिसली. म्हणजे डिस्क ठीक, केबलही ठीक. शेवटच्या दोन पोर्टांनीच अंग काढून घेतलं होतं.

जेवणाच्या टेबलावर सकाळपासून स्क्रू, केबली आणि रिकामी खोकी पसरली होती. दुपारचं जेवण त्यांनी ओट्याशी उभ्यानेच उरकलं होतं. टेबल अडवलं म्हणून कुरकुर करायला घरात कोणी नव्हतं. हे ध्यानात आलं तेव्हा त्यांनी उगाचच खोकी एका बाजूला सारली.

मग सामान घेतलं होतं त्या दुकानात फोन लावला. दुकानदारीण बाईंनी सगळं ऐकून घेतलं.

"काका, बोर्डावर च्युइंगमएवढी एक पट्टी लावलीय का तुम्ही? आडवी?"

"हो. सिस्टिम तिच्यावरच आहे."

"मग तीच दोन पोर्टांची जागा खातेय. ती वरच्या खाचेत बसवली की पाच आणि सहा आपोआप बंद पडतात. पुस्तिकेत दिलेलं असतं, पण इतक्या बारीक अक्षरांत, की लिहिणाऱ्यालाही दिसलं नसेल. खाली अजून एक खाच असेल बघा. तिथे लावा. थांबू का मी फोनवर? पण समोर गिऱ्हाईक उभं आहे."

"नको, नको. जमेल मला."

त्यांना अजून दोन मिनिटं बोलायला आवडलं असतं.

पट्टीचा स्क्रू तिळाएवढा. हातातून निसटला तो थेट टेबलाखाली. गुडघे टेकून, टॉर्च मारून शोधण्यात पाव तास गेला. शेवटी पट्टी खालच्या खाचेत बसली, केबली जागच्या जागी गेल्या, आणि पडद्यावर एकाखाली एक ओळी उमटल्या. चार. पाच. सहा.

"आल्या!" ते मोठ्यांदा म्हणाले. मग त्यांनी घसा खाकरला, जणू तो शब्द खोकल्याबरोबर चुकून निघाला होता.

त्यांनी परदेशातल्या लेकीला फोन लावला. दुसऱ्यांदा लावल्यावर तिने उचलला.

"बाबा, सगळं ठीक ना?"

"सहाही लागल्या! आता पाठव तू. पोरांचे फोटो, व्हिडिओ, जन्मापासूनचं सगळं. मावून वर जागा उरेल."

"अहो बाबा... ते आम्ही मागच्या महिन्यातच ऑनलाइन टाकलं सगळं. मी म्हणाले होते तुम्हाला, तुमच्याकडे ठेवू म्हणून, पण मला वाटलं तुम्ही विसरलात. सांगायचं राहूनच गेलं."

"बरं झालं की. तेवढंच एक काम कमी."

"तुमचं काहीतरी ठेवा ना त्यात. आणि मला पासवर्ड पाठवा. इथून उघडतं का बघते."

"ठेवतो की," ते म्हणाले.

ठेवायला बसले तेव्हा पंचाईत झाली. आयुष्यभर केलेली ध्वनिमुद्रणं स्टुडिओच्या मालकीची. फोनमध्ये एकोणीस फोटो निघाले, त्यातले अकरा कुठली केबल कुठे लावायची हे लक्षात राहावं म्हणून आजच काढलेले. डबा आपला घरघरत होता.

बऱ्याच वेळाने ते उठले आणि कपाटातून मायक्रोफोन आणि छोटा रेकॉर्डर काढून आणला. पूर्वी कुठेही काम संपलं की ते सगळ्यांना गप्प बसवून मिनिटभर नुसती खोली रेकॉर्ड करून घेत. नवखे लोक हसत. त्यांना ते सांगत, प्रत्येक खोलीची शांतता वेगळी असते, ती दुसऱ्या खोलीतून उसनी आणता येत नाही. आज गप्प बसवायला कोणी नव्हतं. त्यांनी डबा बंद केला, मायक्रोफोन टेबलाच्या मधोमध ठेवला, बटण दाबलं आणि हात मांडीवर घेऊन साठ सेकंद बसून राहिले. मग डबा पुन्हा सुरू करून ती फाइल आत टाकली. नाव काय द्यावं ते सुचेना, म्हणून 'घर' असं दिलं.

संध्याकाळी लेकीचाच फोन आला.

"बाबा, उघडलं इथून! पण आत एकच फाइल आहे, आणि ती बिघडलीय बहुतेक. आवाज पूर्ण वाढवून ऐकली. काहीच नाही तिच्यात."

"बिघडलेली नाहीये गं," ते म्हणाले. "इथे एवढंच असतं."

पलीकडून बराच वेळ काही आवाज आला नाही. फोन ठेवल्याचाही आला नाही.