बाबांच्या कानाशी

"ताई, फोन बाबांच्या कानाशी धर गं."

गेले सहा दिवस शुभदा तो रिकाम्या उशीपाशी धरत होती. श्रीरंग लंडनहून उतरला, त्याच दिवशी बाबा गेले. सात दिवस हॉटेलच्या खोलीबाहेर पाऊल टाकायचं नाही, असा कोरोनाचा नियम. एकटाच रडत बसेल बिचारा, म्हणून तिने ते लपवलं होतं; बाबांना बोलायची ताकद नाही, नुसतं ऐकतात, असं सांगितलं होतं.

आज त्याची टेस्ट निगेटिव्ह आली. एवढं रोज काय बोलतो, म्हणून तिने मायेने फोन स्वतःच्या कानाला लावला.

"बाबा, उद्या सुटतोय. घर माझ्या नावावर केलंत, ते ताईला एवढ्यात कळू देऊ नका. नाहीतर तुमचं करणार कोण?"

त्याला हळुवारपणे कसं सांगायचं, ही सात दिवसांची धास्ती क्षणात गेली.

"ताई, ऐकलं का गं त्यांनी?"

"शब्दन्‌शब्द," बाबांच्या फोटोपुढच्या दिव्यात तेल घालत ती म्हणाली. "उद्या येताना पेढे आण. वाट बघतायत."